शिंकलं की लघवी सुटते: टेपचं ऑपरेशन करावं का?

मृण्मयी५२: दोन नॉर्मल बाळंतपणं झालीत. खोकला आला, बादली उचलली की थेंब सुटतात. पर्समध्ये कायम जुन्या सुती साडीची घडी. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात पंगतीत शिंक आली, आणि पान तसंच टाकून मी घर गाठलं. डॉक्टर मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी, म्हणजे टेप, बसवू म्हणतात. माझं मत, करून टाकावं. आठ वर्षं लाजेपायी गप्प बसले, तेवढं पुरे.

अरुणा_के: घाई नको गं. ती पट्टी पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकची. आत एकदा रुजली की पूर्ण काढणं महाकठीण. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ मध्ये तिचा वापर थांबवला. दुखतंय, नीट बसवत नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, असं बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या. कुणी मनावर घेतलं नाही. तिथल्या सरकारने नेमलेल्या चौकशीच्या, २०२० च्या कंबरलेज अहवालात हे सगळं आलंय. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

शमा: अरुणाताई, ब्रिटनचं खरं आहे. पण अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री बंद झाली ती अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या मोठ्या जाळीची. लघवीची टेप तिथे आजही बसवतात. मी सहा वर्षांपूर्वी करून घेतली. दुसऱ्या दिवशी घरी आले, आता नातवामागे धावते. सगळ्यांना घाबरवून घरात बसवू नका.

अरुणा_के: तुझं छान झालं, आनंदच आहे. पण ज्या बाईचं बिघडतं, तिला परत फिरायला वाट नसते. म्हणून तर स्वतःच्या पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून तीच आधाराला लावतात, तो पर्याय विचारावा. छेद मोठा, बरं व्हायला वेळ लागतो, लघवी तुंबण्याचा धोकाही असतो. पण परकं काही आत राहत नाही.

फिजिओ_दीपा: मृण्मयीताई, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केलेत का? कागदावर लिहून दिलेले नव्हेत, कुणीतरी तपासून शिकवलेले, निदान तीन महिने? माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी ते स्नायू आवळण्याऐवजी खाली जोर देत असतात. त्याने उलट नुकसान. आणि एकदम कळ येऊन बाथरूम गाठता येत नसेल, तर तो प्रकार वेगळा. टेप त्यासाठी नसते.

मृण्मयी५२: कळ येत नाही, फक्त जोर पडला की. व्यायाम मात्र कुणी शिकवलेच नाहीत, नुसतं 'करत जा' म्हणाले. दीपा, तीन महिने मनापासून करते. तरी राहिलं तर डॉक्टरांना विचारेन की त्यांनी किती टेपा बसवल्यात आणि किती काढाव्या लागल्या. शमा, तुला ऑपरेशननंतर कॅथेटर किती दिवस होता?