मुलाच्या शीवर रक्त : आधी सोनोग्राफी की थेट दुर्बीण?

रेडिओवाला :
मी सोनोग्राफी करणारा डॉक्टर. मुद्दा मांडतो, मग खुशाल हाणा. दोन ते सहा वर्षांचं पोर. खातंय, खेळतंय, पोट दुखत नाही, पण शीवर अधूनमधून ताजं लाल रक्त दिसतं. फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, नाही हे बघून झालंय. अशा वेळी मोठ्या आतड्यातल्या ज्युवेनाइल पॉलिपचा, म्हणजे लहान मुलांत आतड्याच्या आतल्या अस्तरावर बहुधा देठाने लोंबणाऱ्या मऊ गाठीचा, संशय पहिल्यांदा घ्यायचा. माझं म्हणणं, दुर्बिणीआधी (गुदद्वारातून आत घालतात ती, कोलोनोस्कोपी) सोनोग्राफी व्हायलाच हवी, आणि नीट व्हायला हवी. मोठ्यांच्या पोटावर फिरवतो तो प्रोब (सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) पाच मिनिटं फिरवून ‘नॉर्मल’ लिहिणं म्हणजे नीट नव्हे. जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनियर प्रोब (सपाट तोंडाचा, जवळचं बारीक दाखवणारा) घ्यायचा, हलकं दाबत दाबत गॅस बाजूला सारायचा आणि मोठं आतडं सलग बघत जायचं. पॉलिप सापडला तर आतड्याच्या पोकळीत गोल करडा गोळा दिसतो, आणि त्यात बारीक काळे ठिपके. त्या चिकट स्रावाने भरलेल्या पुटकुळ्या असतात. कलर डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावला की देठातून आत शिरून फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या उमटतात. शीचा खडाही कधी अस्साच गोल दिसतो, पण त्यात रक्त वाहत नाही. हे एकदा बघितलेला माणूस विसरत नाही.

स्कोपवाला :
मी दुर्बीण घालणारा डॉक्टर. चित्र सुंदर रंगवलंत. पण पुढे काय? दिसला तरी काढायला दुर्बीण. नाही दिसला आणि रक्त चालूच राहिलं तरी दुर्बीण. मग मधला थांबा कशासाठी? त्यातून हे पॉलिप बहुतेक वेळा गुदाशयात नाही तर त्याच्या लगेच वरच्या सिग्मॉइड या वळणात बसलेले असतात. म्हणजे खाली, कटीच्या हाडांच्या खोबणीत, जिथे तुमचा प्रोब सगळ्यात लंगडा पडतो. आम्हाला कितीदा नुसत्या बोटाने तपासतानाच लागतो! दुर्बिणीत तो दिसतो, तारेच्या फासात पकडून तिथल्या तिथे निघतो आणि तपासणीला जातो. एकाच भुलीत सगळं.

रेडिओवाला :
बोटाचं शंभर टक्के मान्य, ते आधी. पण ‘एकाच भुलीत’ म्हणताना ती भूल आणि आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध विसरू नका. तीन वर्षांच्या पोराला ते लिटरभर पाणी पाजताना घर कसं मेटाकुटीला येतं ते बघा एकदा. म्हणूनच पालक टाळाटाळ करतात. पडद्यावर गोळा दाखवला की टाळाटाळ संपते. आणि मूत्राशय भरलेलं असेल तर त्यातून मागचा गुदाशय बऱ्यापैकी दिसतो. मूल लघवी करून आलं की ती खिडकी गेली. एवढं साधं सांगायचंही राहून जातं.

शंकेखोर :
मी डॉक्टर नाही. काही पॉलिप देठाला पीळ पडून आपोआप गळून पडतात असं ऐकलंय. मग थांबलं तर काय बिघडलं?

स्कोपवाला :
पडतात काही, खरंय. पण कोणता पडेल हे आधी कोण सांगणार? तोवर रक्त जातच राहतं आणि मूल पांढरं पडत जातं. शिवाय एक सापडला म्हणून एकच आहे असं नसतं. पाच किंवा जास्त ज्युवेनाइल पॉलिप निघाले तर ज्युवेनाइल पॉलिपोसिसचा, म्हणजे असे पॉलिप पुन्हा पुन्हा होणाऱ्या, घराण्यातून येऊ शकणाऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. मग घरात आणखी कोणाला आहे का, जनुकीय तपासणी, पुढची अनेक वर्षं लक्ष ठेवणं, सगळंच बदलतं. म्हणून सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीपर्यंत, जायचंच. आणि घराण्यातून येणारा तो दुसरा प्रकार, बारीक बारीक पॉलिपांचा गालिचा, तो तर तुमच्या पडद्यावर येतच नाही.

चिमणीची आई :
दोघांचंही वाचलं. माझं सांगते. मुलीच्या दोन सोनोग्राफ्या झाल्या, दोन्ही ‘नॉर्मल’. त्या कागदावर आठ महिने निघाले. बद्धकोष्ठ म्हणून पातळ औषध, फिशर म्हणून मलम. एका सकाळी पॉटीवर बसली असताना चेरीसारखं लालबुंद काहीतरी बाहेर आलं आणि ती उठल्यावर आत गेलं. माझे हातपाय गळाले. दुर्बिणीत गुदाशयातच पॉलिप निघाला. सोनोग्राफी झालीच नसती तर लवकर सापडला असता, असं मला वाटतं.

स्कोपवाला :
हेच म्हणतोय मी.

रेडिओवाला :
ताई, वाईट वाटलं वाचून. पण सोनोग्राफी ‘आहे’ म्हणाली तर बहुतेक खरं असतं. ‘नाही’ म्हणाली तर तिला फारसं वजन द्यायचं नसतं. आणि ही आमचीच चूक, की कागदावर आम्ही ते लिहीत नाही. मी स्वतः आता एवढंच लिहितो, ‘दिसलेल्या भागात पॉलिप आढळला नाही. गुदाशय नीट दिसला नाही.’ दुसरं वाक्य वाचून समोरच्या डॉक्टरने बोट घालून तपासावं आणि रक्त थांबलं नाही तर दुर्बिणीला पाठवावं. स्कोपवाल्यांशी तेवढ्यापुरती माझी भांडायची तयारी नाही. पहिली सोनोग्राफी मात्र मी सोडणार नाही.

चिमणीची आई :
तुमचं वाचून फाइल काढली. पहिल्या रिपोर्टात मधेच बारीक अक्षरात एक ओळ आहे, ‘गॅसमुळे आतडी अस्पष्ट’. आणि खाली ठळक अक्षरात, ‘नॉर्मल’. मी आठ महिने फक्त खालचंच वाचत होते. तीन डॉक्टरांनीही.