‘पाऊस’ म्हणजे नेमका किती? पेरणी वाया गेल्याचं पाप कुणाच्या माथी?

गोदाकाठचा, माजलगाव
परवा सांजच्याला सोयाबीनचं तास उकरून बघितलं. वर चार बोटं ओल, खाली नुसता फुफाटा. दाणा फुगलेला, साल सुटलेली, कोंब अर्ध्यातच वाकून वाळलेला. नऊ एकर, एकरी एक बॅग, त्यातल्या सहा उधारीच्या. पेरलं कशाच्या भरवशावर? टीव्हीवर तीन दिवस पट्टी फिरत होती, ‘मराठवाड्याला पाऊस झोडपणार’. आमच्या मंडळात पडला १८ मिलिमीटर.

मग हवामान खात्याचं मूळ पत्रक काढून वाचलं. त्यात होतं, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’. खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. आणि पाऊस पडला असं धरतात ते २.५ मिलिमीटरपासून. म्हणजे चारातल्या एका गावात अंगणातली धूळ बसेल एवढा शिरवा आला, तरी अंदाज खरा! पेरणीला लागतो ७५ ते १०० मिलिमीटर. शब्द मात्र दोघांचा एकच.

जुलै २०१७ मध्ये आमच्याच तालुक्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध तक्रार घेऊन दिंद्रुड पोलीस ठाण्यात गेले होते. बियाणं आणि कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत केलं, असा आरोप होता. तेव्हा मीही हसलो होतो. संगनमत मला आजही पटत नाही. पण ‘पाऊस’ शब्दाचे दोन्ही अर्थ ज्याला ठाऊक आहेत, त्यानं गप्प राहणं ही लबाडीच. खात्याचीही आणि चॅनेलचीही.

निवृत्त मास्तर, परभणी
साफ अमान्य. अंदाज बरोबर होता हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत, आणि वर खात्याला लबाड म्हणता. आमच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हे त्यात दरवर्षी असतं. तुम्ही ते वाचलंत कधी? दाणा वाळल्यावर! २०२५ ला मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, मग अडकून बसला. घाई करू नका म्हणून कृषी खातं ओरडत होतं. तरी लोकांनी तिफणी काढल्याच ना?

रानवेडी, औंढा
मास्तर, पत्रकातली भाषा तुम्ही एकदा मोठ्यानं वाचून बघा. ‘अंशतः ढगाळ’, ‘विखुरलेल्या स्वरूपात’. आमच्याकडं मोबाईलवर अंदाज सांगणारे दादा आहेत, ते सरळ तारीख सांगतात. चुकतात बी. पण आपल्यासारखं बोलतात, फोन उचलतात. खात्यातला कोण उचलतो?

निवृत्त मास्तर, परभणी
तारीख सांगतो म्हणूनच तो धोक्याचा. चुकलं की जुना व्हिडिओ गायब. खात्याचा चुकलेला अंदाज निदान दप्तरी राहतो, कुणीही काढून तपासावा.

तालुका बातमीदार
नाव लिहीत नाही, कारण उघड आहे. मी पाठवलेल्या बातमीत ‘तुरळक ठिकाणी’ होतं. छापून आलं तेव्हा नव्हतं. डेस्कवर विचारलं तर म्हणाले, “तुरळक पावसाची बातमी कोण वाचतं?” मला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. त्याच पानावर खाली बियाण्याची पाव पान जाहिरात होती आणि ती मीच आणली होती. संगनमत वगैरे काही लागत नाही हो, असंच होतं ते. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती मागायला पाहिजे होती. नाही मागितली.

किल्लारीकर
आमच्या भागात ही चर्चा वेगळी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी, १९९२ च्या शेवटाला धक्के बसून गेलेले होते. भूकंपाची तारीख कुणालाच सांगता आली नसती, ते मान्य. पण दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपू नका, एवढं तरी कुणी ठासून सांगायचं होतं की नाही?

इटलीत लाक्विला गावी २००९ ला असंच झालं. छोटे धक्के बसत होते, आणि धोका नाही म्हणून एका अधिकाऱ्यानं टीव्हीवर लोकांना निश्चिंत केलं. ६ एप्रिलला भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. २०१२ ला सात जणांना सहा सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ ला सहा शास्त्रज्ञ अपिलात सुटले, त्या अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. भाकीत चुकलं म्हणून त्याला शिक्षा झाली नाही. खोटा दिलासा दिला म्हणून झाली. माजलगावच्या भाऊंचं प्रकरण याच्या जवळ जातं, फक्त इथं खोटी आशा दिली.

निवृत्त मास्तर, परभणी
आशा खात्यानं दिली नाही, पट्टीनं दिली. शास्त्रज्ञांना कोर्टात ओढायची सवय लागली तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही, किंवा रोजच रेड अलर्ट देतील. मग खऱ्या रेड अलर्टला नदीकाठचा माणूस उठेल का? सप्टेंबर २०२५ चा पूर आठवा.

गोदाकाठचा, माजलगाव
कोर्टात नकोच. मी एवढंच म्हणायलोय की पत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा, ‘हा पेरणीचा पाऊस नाही’. चार शब्द. त्याला कुठला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. तुम्ही वाचणाऱ्याला दोष देता, मास्तर, पण वर्गात पोरं नापास झाली की तुम्ही काय म्हणत होता?

निवृत्त मास्तर, परभणी
पोरांनाच बोल लावत होतो. चूक होती, कबूल. ती ओळ लिहायला माझी हरकत नाही.

कृषी केंद्रवाला
मी दुकानदार, म्हणजे माझं कोण ऐकणार. तरी सांगतो. थांबा म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, माझी मागची उधारी घेऊन. आणि भाऊ, सगळं पावसावर ढकलू नका. उगवलं नाही की कंपनी पाऊस कमी म्हणते, आणि पाऊस बरा झाला तर खोल पेरलं म्हणते. एखादी बॅग शिल्लक असंल तर १०० दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेवा. ७० च्या वर कोंब आले तरच बियाणं पास.

गोदाकाठचा, माजलगाव (पाच दिवसांनी)
अर्धी बॅग कोठ्यात होती. दोनदा मोजले, बायकोनं एकदा. ५८.

पट्टीवरचा राग कमी झालेला नाही, पण आता दोन अर्ज लिहावे लागायलेत. तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीचा पंचनामा होईस्तोवर रान मोडायचं नसतं म्हणे. बातमीदार भाऊ, ह्या ५८ ची बातमी पाठवता का? त्या जाहिरातीचं कमिशन बुडंल, एवढं लक्षात ठेवा.

तालुका बातमीदार
बॅगवरचा लॉट नंबर आणि पावतीचा फोटो पाठवा. पाठवतो. छापतील का, ते सांगत नाही.