फायटरच्या टाकीत दिवाळीचा किल्ला चालेल का?

किल्लेदाराची_आई
नमस्कार मंडळी. टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत एकटा निळा नर फायटर मासा, लांब शेपटीचा. दिवाळीचा किल्ला मोडला तेव्हापासून चिरंजीवांचा हट्ट सुरू आहे, मावळे, तोफ आणि बुरूज आता माशाला द्यायचे. मावळे प्लॅस्टरचे, रंगवलेले. बुरूज फुटक्या कुंडीचे करून देईन म्हणते, पण चिकटवू कशाने? शिवाय "तो एकटा आहे" म्हणून त्याला मित्रही हवाय. दुकानदार म्हणतो, दोन गप्पी आणि एक गोल्डफिश टाका, काही होत नाही. आम्ही पुण्यात असतो.

रत्नागिरीची_काकू
मावळे कपाटात ठेव गो. प्लॅस्टर म्हणजे जिप्सम. ते पाण्यात हळूहळू विरघळतं, पाणी जड होतं, आणि वरचा रंग कशाचा आहे ते तर देवालाच ठाऊक. मुलाला सांग, मावळे गडावरून टेहळणी करतात. काचेच्या बाहेर उभे कर.

कुंडी उत्तम, पण गेरू किंवा रंग न लावलेली, आणि खत-औषध न पाहिलेली. पणत्या नकोत, त्यांनी तेल प्यालेलं असतं. चिकटवायला साधं शंभर टक्के सिलिकॉन घे, लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमच्या फटींसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते नको. वास पूर्ण जाईपर्यंत बुरूज बाहेरच राहू दे.

तटबंदीला काळा दगड छान, आपल्या सह्याद्रीचाच. फक्त त्यात पांढऱ्या शिरा किंवा खडे असले तर त्यावर व्हिनेगर टाकून बघ. बुडबुडे आले तर तो चुना, बाजूला ठेव. शंख-शिंपले त्याच कारणासाठी नकोत. जांभा आमच्या दारात ढिगाने पडलाय, पण झिजून लाल गाळ सुटतो, म्हणून मी वापरत नाही.

गुहेला करवंटी घे. आतलं खोबरं नि बाहेरचा काथ्या खरवडून काढ, दोनतीनदा पाणी बदलून उकळ, कडा कानशीने घास. पाणी चहासारखं झालं तर घाबरू नकोस, त्या रंगाने माशाला काही होत नाही. देशी बदामाचं आपोआप गळलेलं, वाळलेलं पान टाकलंस तरी तोच रंग येतो. फायटरला तो मानवतो, पानावर तो विसावतोही.

सगळं तयार झालं की जुनी नायलॉनची ओढणी त्यावरून फिरव. जिथे धागा अडकेल तिथे शेपूट फाटेल.

पेठेतला_पाणक्या
काकू, माझा फायटर गप्पींबरोबर मजेत आहे. उगाच घाबरवू नका.

रत्नागिरीची_काकू
तुझा शांत असेल रे, स्वभाव प्रत्येकाचा वेगळा. पण नर गप्पीची रंगीत पसरट शेपूट बघून फायटरला दुसरा नर आल्यासारखं वाटतं. उलट टायगर बार्ब असले तर तेच फायटरची शेपूट कुरतडतात. गोल्डफिशबद्दल तर बोलायलाच नको. त्याला थंड पाणी लागतं, फायटरला 25 ते 28 अंश. आणि घाण किती करतो! पुण्याच्या थंडीत हीटर लावलाय ना ग? दुसरा फायटर, नर वा मादी, अजिबात नको.

ही टाकी काठोकाठ 42 लिटरची, दगड-वाळू घातल्यावर त्याहून कमी. फायटर पाण्यावर तोंड काढून हवा घेतो, म्हणून पाणी थोडं खालीच ठेव, आणि झाकण हवंच, उडी मारतो. एवढ्या जागेत मित्र हवेतच तर हार्लेक्विन रासबोरा, निदान सहा. लहान पर, शांत स्वभाव. आधी ते सोड, किल्ल्याची मांडणी बदल, मग फायटर. आपली हद्द मोडली की त्याचा ताठा जरा उतरतो. एक रिकामं भांडं तयार असू दे, नाहीच जमलं तर वेगळं करायला.

खरं सांगू? फायटरला मित्र लागत नाही. एकटेपणाचं दुःख मुलाचं आहे.

मोरी_बाग
एक मिस्ट्री गोगलगाय ठेवा, मुलगा तासन्‌तास बघत बसेल. चेरी झिंगे नकोत, फायटर पिल्लं गट्टम करतो.

रत्नागिरीची_काकू
गोगलगाय चालेल, फायटर तिच्या मिशा ओढत नाही ना बघा. आणि मग बदामाची पानं बेतानेच, पाणी फार मऊ आणि आंबट झालं की शंख झिजतो.

किल्लेदाराची_आई
मावळे बाहेर, हे मान्य झालं! गोगलगायीचं नाव "हिरोजी" ठरलंय. आता फक्त तोफ. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी नळाचा तुकडा चालेल का?

रत्नागिरीची_काकू
नवा, न रंगवलेला असेल तर चालेल. कडा पॉलिश पेपरने घास. भोक एकतर एवढं मोठं की तो आत सहज वळेल, नाहीतर एवढं बारीक की डोकंच जाणार नाही. मधलं माप नको, त्यात अडकतात.