१८९७ चा प्लेग वर्गात कसा सांगावा?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी वाई तालुक्यातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात लसींचा विषय निघाला म्हणून प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, एवढी चांगली लस होती तर लोक चिडले कशाला? पुण्यात रँडला गोळी घातली ना?" मी बोलून गेले, "लोक अडाणी होते गं तेव्हा." घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. सोमवारी पुन्हा त्याच वर्गासमोर उभं राहायचंय. काय सांगू?

परळकर:
बाई, "अडाणी होते" हे सोमवारी वर्गासमोर मागे घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. माझी सगळी नोकरी मुंबईत प्रयोगशाळेत गेली, लसींच्याच कामात. हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला आहे.

त्या मुलीच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटल्या आहेत. रँड हा पुण्यातला प्लेग अधिकारी. त्याचे सोजीर लस घेऊन आले नव्हते. ते घरात घुसत होते, माजघर, देवघर काही न बघता. अंथरुणं बाहेर काढून जाळायची, माणूस उचलून इस्पितळात न्यायचा. प्लेगची गाठ जांघेत नाहीतर काखेत येते, म्हणजे तपासणी कुठली आणि कशी, ते तुम्हीच समजा. बायकांचीसुद्धा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याने सरकारला हे सगळे अधिकार दिले. मुंबईत तर त्याच्याही आधी, २९ ऑक्टोबर १८९६ ला, हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते. आपला माणूस आत गेला की परत दिसत नाही, ही त्यांची धास्ती होती.

आता दुसरी बाजू. हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. चंबूत मांसाचा रस्सा भरायचा, वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि खाली लोंबत, गुहेच्या छताला दगडाच्या कांड्या लोंबतात तसे. चंबू हलवला की ते तळाला पडायचे आणि वर नवे धरायचे. असं काही आठवडे. मग ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे. मुलांना हे फळ्यावर काढून दाखवा, तुपाचा थेंब त्यांना लगेच कळतो.

१० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप चढला, उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचली. पुढे आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतली, ती बघून त्यांची माणसं पुढे आली.

आणखी एक सांगा. मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. १० तारखेला त्या गेल्या. यशवंत आधुनिक वैद्यक शिकलेला डॉक्टर. त्याच्या दारात माणसं आपण होऊन येत होती.

शेतमळा:
माझी पणजी म्हणायची, "घरात उंदीर पडला की भाकरीसुद्धा न बांधता निघायचं." सगळं गाव माळावर खोपटी घालून राहायचं. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.
पण काका, लसीबद्दलची भीती सगळीच खोटी होती का? पंजाबात माणसं मेली होती ना?

परळकर:
मेली होती. ऑक्टोबर १९०२, मुल्कोवाल नावाचं गाव. १०७ जणांना टोचलं, त्यातले १९ धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. उरलेल्या बाटल्यांतली माणसं ठीक होती. पण दोष प्रयोगशाळेवर ढकलला गेला आणि हाफकिनचं काम काढून घेतलं. बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे पुढे आलं. डासांमुळे मलेरिया होतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉससारखे लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. मी नवीन मुलांना चिमटा धरायला शिकवायचो तेव्हा आधी हे सांगायचो. १९ माणसं, एक चिमटा.

आणि तुमच्या पणजीचं म्हणाल, तर त्यांनी जे पाहिलं ते बरोबर होतं. १८९७ मध्ये सरकार अंथरुणं जाळत होतं, भिंतींना औषधं फासत होतं, कारण रोग घाणीतून येतो असा समज. उंदरावरची पिसू रोग आणते हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवलं, तरी कोणी मानेना. पुढे परळलाच प्लेग आयोगाने गिनीपिगचे पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवरचा प्राणी प्लेगने मेला, दोन फुटांवरचा जगला. पिसूची उडी तेवढी जात नाही. म्हणजे उंदीर पडल्यावर घर सोडणारी माणसं आजार टाळत होती आणि त्याच वेळी त्यांच्या गोधड्या जाळणारा साहेब शास्त्राचं नाव घेत होता. याचा मला आजही राग येतो.

कृष्णाकाठ:
काका, वाचून गप्प बसले थोडा वेळ. सोमवारी आधी माझं चुकलं हे सांगते, मग फळ्यावर चंबू आणि दोन पिंजरे. दोन फुटांवरचा का जगला, हे त्यांनाच विचारते. घरी म्हातारं माणूस असेल त्याने "उंदीर पडला" म्हणजे काय ते विचारून यायचं, हा गृहपाठ. शेतमळा, तुमच्या पणजीचं वाक्य वर्गात सांगितलं तर चालेल ना?

शेतमळा:
सांगा की बाई. भाकरीचं विसरू नका.