मदत हवी आहे: आर्टिचोकचे फुटवे आत्ता काढू की काढणीनंतर?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये, लेस्टरला अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) ग्लोब आर्टिचोक लावले आहेत. कळी खातात तो प्रकार, जेरुसलेमवाला कंद नव्हे. जात 'ग्रीन ग्लोब', रोपं बियांपासून केलेली, दोन झाडांत ९० सेंमी अंतर, दिवसभर ऊन.

झाडांचा हा तिसरा वसंत. पहिल्या वर्षीच्या कळ्या मुळं धरावीत म्हणून खुडून टाकल्या. गेल्या जून-जुलैत मात्र लिंबाएवढ्याच कळ्या आल्या आणि त्याही पटकन उघडून राठ झाल्या. पानं मात्र कमरेएवढी, शेजारचे येऊन कौतुक करतात! माती चिकण, हिवाळ्यात पाणी धरते, म्हणून बुंध्यांवर पेंढा घातला होता. त्यामुळे थंडीत एकही झाड गेलं नाही. मार्चमध्ये कुजलेलं शेणखत दिलंय. काळा मावा दिसला की पाण्याच्या फवाऱ्याने धुतो. पाणी शनिवार-रविवारीच देता येतं, हे बदलणं शक्य नाही.

आता एप्रिलमध्ये एकेका बुंध्याला सात-आठ फुटवे आहेत. गर्दीमुळेच कळ्या बारीक राहिल्या असाव्यात असा माझा अंदाज. बियांच्या रोपांत प्रत्येक झाड वेगळं निघतं हेही ठाऊक आहे, पण सगळं उपटून नवी रोपं आणणं हा शेवटचा उपाय.

चिकण मातीत ज्यांनी हे पीक घेतलंय त्यांनी सांगा: एका बुंध्यावर किती फुटवे ठेवायचे, आणि बाकीचे आत्ता मुळासकट काढले तर यंदाच्या कळ्या हातच्या जातील का?