उपचारांचे दर दाखवणाऱ्या साइटवर ‘नंतर भरा’ हा पर्याय दिसावा का?

शाईपेन (धागाकर्ता)

उपचारांची तुलना करून देणाऱ्या साइट आता बऱ्याच जणांच्या सवयीच्या झाल्या आहेत. रूट कॅनाल, मोतीबिंदू, गुडघ्याचं ऑपरेशन, आयव्हीएफ असं काहीही शोधलं की क्लिनिकची यादी येते. दर, डॉक्टरांचा अनुभव, पेशंटचे अभिप्राय, किती दिवसांत नंबर लागेल हे सगळं एका जागी मिळतं. अलीकडे मात्र दराच्या खाली, काही ठिकाणी तर दराच्या वरच, आणखी एक ओळ असते: ‘आत्ता उपचार, पैसे नंतर’ आणि पुढे ‘दरमहा फक्त इतके’.

माझं मत स्पष्ट आहे. तुलनेच्या यादीत ही ओळ नसावी.

दोन पूर्ण किमती शेजारी शेजारी ठेवून दाखवणं हे अशा साइटचं मुख्य काम. मासिक हप्ता आला की तेच काम बिघडतं. समजा एका क्लिनिकचा दर शंभर आणि दुसऱ्याचा सव्वाशे. पहिलं क्लिनिक चोवीस हप्ते देतं, म्हणजे महिन्याला चारहून थोडे जास्त. दुसरं छत्तीस हप्ते देतं, म्हणजे साडेतीनच्या आत. पंचवीस टक्के महाग असलेलं क्लिनिक यादीत स्वस्त दिसायला लागलं, तेही एक पैसा व्याज न लावता. मोबाइलच्या स्क्रीनवर ठळक अक्षरात हप्ता आणि खाली बारीक करड्या अक्षरात एकूण रक्कम असेल, तर दुखणं अंगावर असलेला माणूस काय वाचणार?

दुसरं म्हणजे उपचाराचा दर हा बहुतेक वेळा अंदाज असतो. आयव्हीएफच्या एका सायकलचा, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचा, दर लावलेला असतो. इंजेक्शनं, भ्रूण गोठवून ठेवण्याचा खर्च अनेकदा वेगळा, आणि एका सायकलमध्ये काम होईलच याची खात्री कोणीच देत नाही. कर्ज मंजूर होतं ते जाहिरातीतल्या आकड्याचं. उरलेल्या खर्चाची सोय करायची वेळ येते तेव्हा माणूस उपचाराच्या मध्यावर असतो आणि मागे फिरणं त्याच्या हातात राहिलेलं नसतं.

तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असतील तर जास्तच.

मोलर

मी दंतवैद्य आहे आणि माझं मत नेमकं उलट आहे.

दाढेचं रूट कॅनाल झाल्यावर तिच्यावर कॅप बसवावी लागते. आधीच किडीने पोखरलेली आणि आतून कोरलेली दाढ चावण्याचा जोर फार दिवस सोसत नाही. पण रूट कॅनाल झालं की ठणका थांबतो, आणि कॅपचे पैसे तेव्हा जवळ नसतात. पेशंट ‘पुढच्या महिन्यात येतो’ म्हणून जातो. येतो तेव्हा दाढ उभी चिरलेली असते, ती काढावीच लागते. मग इम्प्लांट किंवा ब्रिज, म्हणजे कॅपच्या कितीतरी पट खर्च. हप्त्यांची सोय आहे का, हे यातले बहुतेक जण विचारतच नाहीत. काउंटरवर चार लोकांसमोर पैशांची अडचण सांगणं माणसाला जड जातं.

आणि साइटवरून ती ओळ काढली म्हणजे कर्ज नाहीसं होत नाही. ते क्लिनिकमध्ये समोर येतं. पेशंट खुर्चीत, तोंड बधिर, कोणीतरी हातात टॅब देऊन म्हणतं, ‘इथे ओटीपी टाका.’ त्यापेक्षा घरी बसून, घरच्यांशी बोलून, चार दिवस आधी सगळं वाचलेलं बरं नाही का? ज्या माहितीमुळे माणूस तयारीने येतो ती लपवायची, हे मला पटत नाही.

हिशेबवही

मोलर, दाढेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ‘हप्त्यांची सोय’ या नावाखाली काय काय विकलं जातं तेही धाग्यात यायला हवं. कर्जवसुलीच्या क्षेत्रात अनेक वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत वैद्यकीय खर्चासाठी खास क्रेडिट कार्डं आहेत. त्यात ‘अमुक महिन्यांत पूर्ण फेडलं तर व्याज नाही’ अशी योजना असते. ऐकायला बिनव्याजी वाटते, पण व्याज पहिल्या दिवसापासून बाजूला मोजलं जात असतं. मुदतीत शेवटचा पैसाही फिटला तरच ते माफ. थोडी रक्कम उरली तरी सुरुवातीपासूनचं सगळं व्याज एकदम खात्यावर पडतं.

आकड्यांत मांडतो. बिल १,२००, मुदत १२ महिने, व्याजदर २६.९९ टक्के. माणूस इमानदारीने दरमहा ९० भरतो. वर्षअखेर १,०८० फिटले, १२० उरले. त्याला वाटतं आता १२० चंच व्याज लागेल. प्रत्यक्षात वर्षभराच्या घटत्या शिल्लकीवरचं साधारण १९० व्याज येऊन पडतं, म्हणजे उरलेल्या रकमेपेक्षाही जास्त. दरमहा ९० ऐवजी १०० भरले असते तर शून्य. किमान हप्ता कितीचा हे स्टेटमेंटवर मोठ्या अक्षरात असतं; मुदतीत फेडायला किती हप्ता लागेल, हे ठळकपणे कोणी सांगत नाही.

२६.९९ हा दर मी मनाने घेतलेला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने, म्हणजे सीएफपीबीने, केअरक्रेडिट कार्डाच्या प्रकरणात ३.४१ कोटी डॉलरपर्यंतचा परतावा द्यायला लावला. तेव्हा याच दराने व्याज लागत होतं, आणि ही कार्डं दंतवैद्यांच्या आणि इतर डॉक्टरांच्या दवाखान्यांतूनच दिली जात होती. याच संस्थेच्या मे २०२३ च्या अहवालानुसार २०१८ ते २०२० या तीन वर्षांत लोकांनी अशा कार्डांनी आणि कर्जांनी सुमारे २,३०० कोटी डॉलरचा आरोग्यखर्च केला आणि त्यावर १०० कोटी डॉलरचं असं मागाहून लागणारं व्याज भरलं.

आता सांगा, हे सगळं यादीतल्या एका बटणावर कसं मावणार?

मोलर

हा त्या विशिष्ट योजनेचा दोष आहे. मुद्दल समान हप्त्यांत, व्याज शून्य, उशीर झाला तर दंड किती हे आधी लिहिलेलं, असंही कर्ज असतं. वाईट योजनेवर बंदी घाला. सगळ्याच योजना दिसेनाशा कशाला करायच्या?

हिशेबवही

कारण यादीत दोन्ही एकसारख्याच दिसतात. दोन्हींवर ‘० टक्के’च लिहिलेलं असतं.

रात्रपाळी

एक गोष्ट कोणीच काढलेली नाही: उपचार रद्द झाला तर काय?

आमच्या घरात एका वडीलधाऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पॅकेजची रक्कम कर्जकंपनीने आधीच रुग्णालयाला दिली. ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीत हृदयाचा त्रास निघाला आणि भूलतज्ज्ञांनी नको म्हणून सांगितलं. निर्णय योग्यच होता. पण हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून गेला. रुग्णालय म्हणालं, तपासण्यांचे आणि राखून ठेवलेल्या खोलीचे पैसे वजा करून परत देऊ, पण कंपनीकडून पत्र आणा. कंपनी म्हणाली, रुग्णालयाने पैसे परत केले की आम्ही खातं बंद करू. या दोघांच्या मध्ये घरातला एक माणूस फाइल घेऊन फिरत राहिला आणि हप्ते जात राहिले.

हप्त्यावर घेतलेला फ्रिज नको असेल तर परत करता येतो. अर्धवट झालेला उपचार परत कसा करणार? ‘नंतर भरा’ची सगळी मांडणी खरेदीसाठी झालेली आहे आणि ती जशीच्या तशी उपचारांना चिकटवली आहे. परतफेडीच्या या अटी दिसत नाहीत तोवर ते बटणही दिसू नये.

समांतर

इथे सगळे जण कर्ज न लागणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आहेत असं वाटतं. ज्याच्याकडे भरपूर मर्यादेचं क्रेडिट कार्ड आहे त्याच्याकडे ‘नंतर भरा’ आधीपासूनच आहे, त्याला बटणाची गरज नाही. बटण काढल्याने अडतं ते ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं. त्याच्यासाठी यादी म्हणजे न परवडणाऱ्या आकड्यांची रांग. तो यादी बंद करतो आणि मोतीबिंदू अंगावर काढतो. दिसत नाही म्हणून पडतो, हाड मोडतं. थांबण्याचीही किंमत असते आणि ती कुठल्याच साइटवर लिहिलेली नसते.

शिवाय कायदा जागा झाला आहे. रिझर्व्ह बँकेचे मे २०२५ चे डिजिटल कर्जाचे निर्देश सांगतात की अनेक कर्जदात्यांशी करार असलेल्या मध्यस्थाने ग्राहकाच्या मागणीशी जुळणारे सगळे प्रस्ताव दाखवायचे. कर्जदात्याचं नाव, रक्कम, मुदत, वार्षिक दर आणि हप्ता यांसकट, आणि कुठल्याही एकाकडे न ढकलता. ऑस्ट्रेलियात १० जून २०२५ पासून ‘नंतर भरा’ची सोय देणाऱ्या कंपन्यांना कर्जाचा परवाना लागतो. ब्रिटनने बिनव्याजी हप्त्यांनाही वित्तीय नियामकाच्या कक्षेत आणायला १५ जुलै २०२६ ही तारीख ठरवली. सगळीकडे रोख नियमात आणण्याचा आहे, लपवण्याचा नाही.

शाईपेन

समांतर, हे नियम कर्ज कसं द्यावं आणि कसं दाखवावं ते सांगतात. किमतींच्या तुलनेत कर्ज घुसवावं का, याचं उत्तर त्यांच्यात नाही. ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घ्या. तिथल्या मेडिकल बोर्डाने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना बजावलं होतं की उपचाराचा भाग म्हणून कर्ज किंवा हप्त्यांची योजना स्वतः देऊ नये, तिसऱ्यामार्फतही देऊ नये. नाकाचा आकार बदलायचा की नाही हा निर्णय हप्त्याच्या आकड्याने होऊ नये, इतकी साधी भूमिका. तुलनेच्या साइटवर मात्र नाकाचं ऑपरेशन आणि मोतीबिंदू एकाच साच्यातल्या चौकटीत दिसतात, आणि बटण दोन्हींना सारखंच.

थांबण्याची किंमत मलाही दिसते. पण न परवडणाऱ्यासमोर कर्ज हाच पहिला दरवाजा का असावा? बऱ्याच रुग्णालयांत सवलतीची सोय असते, धर्मादाय निधी असतो, विम्याचा दावा असतो, रुग्णालयाचे स्वतःचे साधे हप्ते असतात. यातलं काहीच यादीत दिसत नाही, कारण यातल्या कशावरही साइटला कमिशन मिळत नाही. कर्जकंपनीने एकदा पूर्ण बिल चुकतं केलं की रुग्णालयाचा विषय संपला. मग बिलात चूक निघो किंवा विमा कंपनी दावा अडवो, ते निस्तरायची रुग्णालयाला घाई राहत नाही. देणं राहतं ते पेशंटच्या अंगावर, आणि तेही आता वैद्यकीय बिल म्हणून नाही, साधं कर्ज म्हणून.

रात्रपाळी

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. वसुलीचा फोन येतो तेव्हा आजाराबद्दल कोणी विचारत नाही.

मोलर

मग मधला मार्ग सुचवतो. यादीत हप्त्याचा आकडा नको, त्यावरून क्रम लावायची सोयही नको. क्लिनिकच्या नावापुढे फक्त एक खूण: ‘हप्त्यांची सोय आहे’. भिन्न कर्जकंपन्या, अटी, दर हे सगळं आतल्या पानावर. माझ्या त्या कॅपवाल्या पेशंटला एवढी खूण पुरेल. निदान तो विचारायला तरी येईल.

हिशेबवही

खूण आली की फिल्टर येणार. फिल्टर लावला की खूण नसलेली क्लिनिकं गायब. कर्जकंपनी क्लिनिककडून दर व्यवहारामागे शुल्क घेते, ते शुल्क निघावं म्हणून दर वाढतात आणि रोख भरणाराही तो वाढीव दर भरतो. जे क्लिनिक या भानगडीत न पडता दर कमी ठेवतं, नेमकं तेच यादीतून बाहेर जाईल.

शाईपेन

मी इथवर येईन: यादीत काही नाही. क्लिनिकच्या आतल्या पानावर, पूर्ण किमतीच्या खाली, आधी सवलत आणि क्लिनिकचे स्वतःचे हप्ते, त्यानंतर बाहेरचं कर्ज. कर्जासमोर एकूण परतफेड किती, एक हप्ता चुकला तर काय आणि उपचार रद्द झाला तर पैसे कोण, किती दिवसांत परत देणार. साइटला त्यावर कमिशन मिळत असेल तर तेही त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात.

मोलर

आतल्या पानाचं सगळं मान्य. यादीतल्या खुणेबद्दल मात्र मी हटणार नाही. जो माणूस आकडा बघूनच साइट बंद करतो, तो तुमच्या त्या नीट लिहिलेल्या आतल्या पानापर्यंत पोहोचतच नाही. हिशेबवहींना फिल्टरची भीती वाटते, तर फिल्टर देऊ नका. आणि क्लिनिक स्वतःच्या खिशातून बिनव्याजी हप्ते देत असेल तर त्यालाही तीच खूण द्या. मी तेच करतो: अर्धे पैसे कॅपचं माप घेताना, उरलेले तीन महिन्यांत, कागदावर दोघांच्या सह्या. आज कुठल्याच साइटवर ते सांगायला मला रकाना नाही.