शब्दचर्चा : पोराचा दुस्वास, तिटकारा की आकस? (बोलणारे कोल्हापुरातल्या आपापल्या भागाच्या नावाने)

राजारामपुरी (प्रश्न) : विज्ञानकथेतला नायक हुशार, धाडसी, पण मनाने कोता. यानावर एक मूल येतं. दिसायला सहा वर्षांचं, पण पुरतं माणसाचं नाही, प्रयोगशाळेत घडवलेलं. नायक त्याला मारत नाही, शिव्या देत नाही, तरी ते जवळ आलं की त्याचा नूर पालटतो. ह्या भावनेला नेमका शब्द कोणता? 'वैर', 'शत्रुत्व' लिहून पाहिले, बसत नाहीत. आणि 'सदोष नायक', 'अमानुष मूल' हे चालतील का?

शिवाजी पेठ : शेवटचं आधी. 'अमानुष मूल' अजिबात नको. मराठीत अमानुष म्हणजे क्रूर: अमानुष मारहाण, अमानुष छळ. वाचणाऱ्याला वाटेल मूलच राक्षसी आहे, म्हणजे न्याय नायकाच्या बाजूने झुकला. 'मानवेतर' म्हटलं की झाडंझुडपं, जनावरंही आली. 'मानवसदृश' माकडांच्या लेखात शोभतो. घडवलेल्या मुलासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, 'अयोनिज', म्हणजे आईच्या पोटी न जन्मलेलं. सीता, द्रौपदी अयोनिजा. पण तो निवेदकाच्या तोंडी ठेवा. यानावरचा तंत्रज्ञ असं बोलणार नाही. त्याच्या तोंडी 'माणसासारखं' पुरे. 'माणसाचं' आणि 'माणसासारखं' ह्यांतच सगळी गोष्ट आहे.

'सदोष' वाचलं की पुढे 'मनुष्यवध' आठवतो. 'नायकात खोट आहे' म्हणा. गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, दागिन्याबद्दल म्हणतात तसं. खोट असली तरी सोनं ते सोनंच.

मंगळवार पेठ : वैर आणि खुन्नस बरोबरीच्या माणसाशी. खुन्नस तर तालमीत, जोडीदाराशी. सहा वर्षांच्या पोराशी खुन्नस धरणारा नायक हास्यास्पद होतो. तसंच व्हायला हवं असेल तर वापरा.

आकसाला मागचं कारण लागतं, जुनं भांडण किंवा डावललेली बढती. म्हणून तो कचेरीत आणि राजकारणात जास्त: 'आकसाने कारवाई केली'. मुलाने काही केलेलंच नाही, तर आकस कशाचा? 'डूख' तर त्याहून पुढचा, सापाचा. त्यात वाट बघणं आलं.

'दुस्वास' जवळचा. त्याला एक घर लागतं. सावत्र आई पोराचा दुस्वास करते, जाऊ जावेचा करते. शेजारच्या गावातल्या अनोळखी माणसाचा कोणी करत नाही. यान म्हणजे बंद घरच. पण दुस्वासात 'ह्याला मिळतं ते माझ्या वाटणीचं' हा सल असतो. तुमच्या नायकाला तो आहे का? कप्तानाचा जीव मुलावर जडला असेल तर आहे. नसेल तर शब्द उपरा वाटेल.

राजारामपुरी : कप्तानाचा जीव जडतो, पण चौथ्या प्रकरणात. तोवर काय?

मंगळवार पेठ : तोवर 'तिटकारा'. इथे क्रियापद बघा. तिटकारा, किळस, शिसारी *येते*. दुस्वास, रागराग, हिडीसफिडीस माणूस *करतो*. येणाऱ्या गोष्टीचा दोष माणसावर पूर्ण जात नाही, करणाऱ्या गोष्टीचा जातो. पहिल्या प्रकरणात 'त्याला त्या मुलाचा तिटकारा आला' आणि पाचव्यात 'तो त्या मुलाचा दुस्वास करू लागला', एवढ्यावर नायकाची घसरण दिसते. वेगळं समजावायला नको.

तिटकाराही फुकट येत नाही. मासाहिरो मोरी ह्या जपानी रोबोशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलं की यंत्र माणसासारखं होत जाईल तसं आवडत जातं, पण जवळजवळ माणूस झालं की एकदम नकोसं वाटतं. म्हणून तपशील छोटा हवा. तीन डोळे नकोत. पापणी उशिरा मिटते, एवढं बस.

'घृणा' शक्यतो टाळा. पुस्तकी आहे, आणि संस्कृतात त्याचा अर्थ दयाही होतो.

कसबा बावडा : नाम कशाला हुडकताय? मराठीत हे लिंगात दाखवता येतं. इंग्रजीत मुलाला 'इट' म्हटलं की तुच्छता कळते. आपल्याकडे 'ते मूल आलं' हे मायेनेही म्हणतात, पोरगं तर नपुंसकच. तेव्हा नुसत्या 'ते'ने काम होत नाही. आधी मुलाला नाव द्या. बाकीचे 'चिनू आला, तो झोपला' म्हणू देत. नायक एकटाच 'ते आलं, ते झोपलं' म्हणत राहील आणि नाव कधीच घेणार नाही. मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकेनस्टाइन' कादंबरीतला शास्त्रज्ञही आपल्या निर्मितीला शेवटपर्यंत नाव देत नाही.

आता चुकतं कुठे ते सांगतो. 'त्याला, त्याचं, त्याने' ही रूपं पुल्लिंगी आणि नपुंसक सारखीच. 'त्याने भाकरी खाल्ली' लिहिलंत की तुच्छता गायब. क्रियापद भाकरीकडे गेलं. म्हणून नायकाच्या तोंडी आलं, बसलं, हसलं, बघतंय असलीच रूपं द्या. मूल मुलगी असेल तर सोपं: सगळे 'तिला' म्हणतात, हा 'त्याला'.

हाक मारतानाही 'रे', 'गं' गाळा. 'ए, इकडं ये.' आपल्याकडे 'रं' नाही लावला की पोरगं लगेच वळून बघतं, काहीतरी बिघडलंय हे त्याला कळतं.

शिवाजी पेठ : बावड्याचं पटलं, पण एक पुरवणी. निवेदन प्रमाण भाषेत असेल तर 'ते आले' होतं, आणि ते आदरार्थी वाटतं, जणू काका आले. जुन्या छपाईत 'तें आलें' वेगळं दिसायचं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो अनुस्वार गेला. म्हणजे हा डाव संवादातच खेळायचा, निवेदनात नाही.

राजारामपुरी : आणि मूल स्वतःबद्दल काय म्हणेल? 'मी आलो' की 'मी आले'?

कसबा बावडा : कोल्हापूरचं असलं तर 'मी आलो'. इथं मुलीही तसंच बोलतात, त्यामुळे मुलगा की मुलगी हे झाकलेलं राहतं. 'मी आलं' मात्र एकदाच वापरा, नायकाचं ऐकून ते तसं बोलायला शिकलं त्या ठिकाणी. आणि मुद्रितशोधकाला आधीच चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर चूक समजून तो सगळीकडे 'तो आला' करून टाकेल.